सूर ठेवायचा रिवाज

सोमवार, २ फेब्रुवारी
पोचले एकदाची! छावणीतल्या लग्नाच्या बँडच्या ऑफिसवर खोली मिळालीय, ऊन भरपूर, खाली चहाची टपरी. शाळेतली कंत्राटी संगीतशिक्षिकेची नोकरी गेल्यापासून नुसते जोडे झिजवत होते. दगडापेक्षा वीट मऊ. सोनियाला फर्दापूरला आईपाशी ठेवलंय. पाच वर्षांची पोर, माझ्या अंगाईशिवाय डोळा मिटत नाही. रोज संध्याकाळी फोनवर म्हणायची, असं आमचं ठरलंय.

मालक आप्पासाहेब अगत्यानं बोलले. वादक म्हातारे झालेत, लग्नसराईत नवी माणसं मिळत नाहीत. म्हणून सगळी गाणी मी कॉम्प्युटरवर नोटेशनमध्ये उतरवायची आणि जो आला नाही त्याचा भाग स्पीकरनं वाजवायचा. चहा आणून देणारे कमरोद्दीनचाचा मुके आहेत. हसतात मात्र छान.

बुधवार, ४ फेब्रुवारी
ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विंडोज नाही, लिनक्स आहे; त्यानं जीव नकोसा केला. नोटेशनचं सॉफ्टवेअर मुकाट बसलं, पण आवाज नाही. चाचणीला सोनियाची अंगाईच लिहिली. पडद्यावर स्वर पळताहेत आणि स्पीकर ढिम्म. घोडं कुठं पेंड खातंय ते शोधण्यात दिवस गेला. आवाज भलत्याच सॉकेटला जात होता. क्रांती चौकातून नवी वायरही उगाच आणली.

शेवटी वाजलं, तर आप्पासाहेबांनी नाक मुरडलं. "ह्यो आवाज लई गुळगुळीत हाय, मॅडम. वरातीत चालायचा नाय." मग त्यांनी स्वतःची साउंड लायब्ररी दिली. बँडमधल्या माणसांकडून एकेक स्वर भरून घेतलाय म्हणे.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी
लायब्ररी बसली. त्यातला पुरुषाचा गळा ऐकून अंगावर काटा आला, इतका गोड. स्वर लागायच्या आधीचा श्वाससुद्धा ऐकू येतो. कोणाचा म्हणून विचारलं, तर कमरोद्दीनचाचांचा! बँडचे गायक होते. पुढं गळा बसला, एवढंच आप्पासाहेब बोलले.

बाईच्या गळ्याचा फोल्डर रिकामा होता. आप्पासाहेब म्हणाले, बँडचा जुना रिवाज आहे, नव्या माणसानं आपला सूर इथं ठेवायचा. लायब्ररी पुरी झाली की सोनियालाही इथं आणा, शाळेचं मी बघतो. माझी काय हरकत असणार? सातही सूर भरले. मध्येच चाचांनी येऊन माइकची वायर उपटली. थकलेली होते, नको ते बोलले त्यांना. त्यांनी हात जोडले. मी वायर परत लावली.

सोमवार, ९ फेब्रुवारी
अंगाईत षड्ज लागेना. तिथं आलं की घशातून नुसती हवा. सर्दी असेल म्हणून ज्येष्ठमध चघळतेय. सोनिया रुसली, आई चुकती म्हणाली. खाली आप्पासाहेब दिवसभर माझा सूर वाजवून बघतात. तिथं मात्र स्वच्छ लागतो.

बुधवार, ११ फेब्रुवारी
ते वाजवतात तो सूर माझ्या गळ्यातून जातो. आज गंधार गेला, पंचमही. बोलताना शब्द अर्धे पडतात. वेड लागलंय असं वाटून घ्यायलाही त्राण नाही.

फाइली पुसायला बसले. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीपुढं तिच्या मालकाचं नाव असतं. माझ्या सातही सुरांपुढं आप्पासाहेबांचं नाव आहे. पुसायला गेलं की उत्तर एकच, परवानगी नाही. पासवर्ड त्यांच्याकडं.

गुरुवार, १२. सकाळ
आवाज गेला. सगळा. आईला फोनवर हाकही मारता आली नाही.

चाचा आले. रडत होते. तोंड उघडून दाखवलं, मग माझ्या गळ्याला बोट लावलं. मग कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बोट केलं. एक नवा फोल्डर दिसला, आजच केलेला, रिकामा.

लहान मुलीचा गळा.

दुपार
बॅग भरली. दाराला बाहेरून कडी. फोन आप्पासाहेबांनी खाली नेलाय — चार्ज करून देतो म्हणाले —

संध्याकाळ
सोनियाच्या फोनची वेळ. चाचांनी दार ठोठावल्याचा आवाज आला, मग कुणीतरी त्यांना ओढून नेलं.

खाली फोन वाजतोय. आप्पासाहेबांनी उचलला. मोठ्यानं, स्पीकरवर. आई आहे, सोनिया आहे —

अंगाई सुरू झाली. मी लिहिलेली. माझ्या गळ्यात. एकही सूर चुकला नाही. सोनिया हसली, म्हणाली, आई आज बरोब्बर म्हणती —

दारावर डोकं आपटलं. खुर्ची आपटली. ओरडतेय, नुसती हवा —

आप्पासाहेब तिला गोड आवाजात सांगताहेत, बाळ, आईसंगं तू बी म्हण की —

नको. सोनू, नको. फोन ठेव. आई, फोन ठेव —

तिनं श्वास घेतला. इथपर्यंत ऐकू आला. तिनं पहिला सू