मामीची सुपारी आणि माझं इंजिन

ती. दाजीमामांस पेणच्या खाडीवरून पोपटचा वाकून नमस्कार.

लिहीन लिहीन म्हणत आषाढ गेला. काम होतं असं नाही, तुमची बोलणी खायचा कंटाळा होता. कंबर कशी आहे? तिकडे खांब गावात भाताची लावणी उरकली असेल (वरच्या खाचरात अजून पाणी तुंबतं का? तिथे मी मोरी काढली होती, ती उताराच्या उलटी निघाली, पण खणली छान होती. असो).

तुमचा निरोप पोचला. गणपतीच्या मूर्ती खाडीपलीकडे धड उतरल्या नाहीत, तर होडी विकून नागोठण्याला कंपनीत शिफ्ट धरायची. मामा, शिफ्ट मी धरणार नाही. भोंगा वाजला की आत आणि भोंगा वाजला की बाहेर, हे मला जमायचं नाही.

इंजिन झोकात पळतं. खोड एकच. धक्क्याजवळ रेस कमी केली की दोनदा खोकतं आणि गप्प होतं. मग होडी आपली पाण्याच्या ओढीबरोबर पुढे, आणि उतारू मागे राहिलेल्या धक्क्याकडे बघत. हौसा कोळीण टोपलीसकट दोनदा अशी गेली. तिसऱ्यांदा ओरडली, "पोपट्या, होडी हाय का पाळणा? उतरव की मला!"

मी हटलो नाही. आयडलिंगचा स्क्रू पिळला, डिझेलचा फिल्टर बदलला, नळ्यांतली हवा काढली, पंख्यात गुंतलेलं जाळं सोडवलं (त्यात खेकडा निघाला, चिंच घालून कालवण केलं, तुमची आठवण आली). तरी तेच. माझा भागीदार जनू म्हणाला, "बैलावानी हाय, घर दिसलं का थांबतंय." फक्त टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं की परत सुरू. आम्हांला वाटलं, त्याला विचारपूस आवडते.

काल झाकण उघडताना कान लावला. टाकीनं फुस्सकन हवा आत ओढली! टाकीवर हवा घ्यायची बोटभर नळी असते, ती बंद होती. हवा आत नाही म्हणून डिझेल बाहेर नाही. हे मी शोधलं, एकट्यानं. तेव्हा "पोपट्याला काय येतं" हे यापुढे चारचौघांत बोलायचं नाही. परवा मूर्ती चढणार. मी कोणाच्या बापाला भीत नाही.

तुमचा, न ऐकणारा भाचा,
पोपट

ता. क. नळी कशानं बंद, ते राहिलंच. होडीच्या पूजेला मामीनं "नव्या वस्तूचं तोंड उघडं नसावं, नजर शिरते" म्हणून त्या नळीत सुपारी ठोकून वर लाल फडकं बांधलं. "मी सोडीपर्यंत हात लावलास तर बघ," असंही म्हणाली. झाकण उघडं ठेवून चालवावं तर पाऊस डिझेलात. तेव्हा तिला विचारून परवानगी तातडीनं कळवा. मी विचारलंय हे सांगू नका.

ता. क. दुसरा. राहू द्या. वडखळहून रिक्षा आली, तीतून मामीच उतरली. रोह्याच्या बाजारात तिला जनू भेटला आणि इंजिनाची खोड सांगून बसला म्हणे. पिशवीत सुपाऱ्या आहेत. "एकीनं भागत नाय, म्हणून बंद पडतंय," म्हणाली, आणि आता धुराच्या नळीसमोर उभी आहे.