चष्म्यातली आग आणि खरी मावशी

ती. ताईस,

नमस्कार, कंबर परवानगी देईल तितका वाकून. तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला गेला का?

"तुझं नाटक बघायला माणसं बंदुकीच्या धाकानेच आणावी लागतील," असं मी शाळेत असताना तू म्हणाली होतीस. ताई, माझे प्रेक्षक आता बंदुका घेऊनच येतात. सैनिकांच्या प्रशिक्षण केंद्रात मला काम मिळालंय. भूमिका पेटलेल्या घरातून न हलणाऱ्या म्हातारीची. (मी चाळिशीतली आहे, हे सांगून पाहिलं. जवानांच्या चष्म्यात तुम्हाला पांढरे केस लावून देऊ, म्हणाले.) घर म्हणजे रिकामा हॉल, फरशीवर चिकटपट्टीने आखलेल्या भिंती आणि एक खुर्ची. आग, धूर, कोसळणारं छत, सगळं जवानांच्या डोळ्यांवरच्या, आभासी दृश्य दाखवणाऱ्या जाड चष्म्यात. मला दिसतं ते एवढंच, की धिप्पाड पोरं नसलेल्या तुळईखालून जीव मुठीत धरून ओणवी येतात आणि "आजी, चला ना" म्हणून विनवतात. समजूत घालून बाहेर काढलं तर पास, उचलून नेलं तर गुण कापतात. (माझ्याकडे बघून तो मोह अजून कुणाला झालेला नाही.)

परवा तुझा लेक आला. तो याच केंद्रात आहे हे ठाऊक होतं, माझ्याच खुर्चीसमोर येईल असं वाटलं नव्हतं. भरती झाल्यापासून तू त्याच्याशी बोलत नाहीस, म्हणून सांगते: खांदे रुंद झालेत, गाल बसलेत. चिकटपट्टीच्या भिंतीला नीट वळसा घालून तो आला, गुडघ्यावर बसला आणि इतक्या हळू बोलायला लागला की मी माझे संवादच विसरले. तोंडातून निघालं, "जेवलास का रे?"

त्याने चष्माच काढला. "मावशी, तू? इथे?" पेटत्या घरात चष्मा काढला की माणूस गेला, असं यंत्राला शिकवलेलं. यंत्राने पोराला तिथल्या तिथे मृत जाहीर केलं. मेलेला माणूस माझ्या मांडीवर डोकं ठेवून हसत होता आणि मी वेडी रडत होते. साहेब दोघांवरही ओरडले.

तुझी,
धाकटी

ता. क. सोमवारी त्याला पुन्हा एक संधी आहे, शेवटची. नापास झाला तर घरी पाठवतील. (इतक्यात खूश होऊ नकोस.) साहेब म्हणतात, म्हातारी बदला, त्याच्या कानावर हल्ली पडलेला आवाज नको.

ता. क. २. तुझा आवाज त्याच्या कानावर वर्षभर पडलेला नाही, तेव्हा तू नियमात बसतेस, असं मी साहेबांना सांगितलंय. ते हसले, पण नको म्हणाले नाहीत. तो समोर बसून विनवेल, तू हटायचं नाहीस. तालमीची तुला गरज नाही. फक्त शेवटी उठून त्याच्याबरोबर दारापर्यंत चालायचं. तू नाहीच म्हणशील. तरी सोमवारी सकाळी ये.