बारशाची आत्या

गंगापूर रोड, नाशिक
दि. २२ जानेवारी २०२५

ती. लंकाबाईंना शोभाचा नमस्कार.

तब्येत बरी असेल, गुडघा कुरकुरत असेल आणि डॉक्टरांचं ऐकणं बंदच असेल. फोनवर तुम्हाला नको ते ऐकू येत नाही, म्हणून पत्र. हर्षाली, आजीला मोठ्यानं वाचून दाखव, काही गाळू नकोस.

तेजूच्या लग्नाची तयारी होत आली. हॉल ठरला, साड्या झाल्या. सटाण्याला भावाकडे पत्रिका पाठवली. तो कामात असेल.

परवा आपल्या आधारगृहावरून गेले. लग्नाशिवाय पोटुशी होऊन मी आले, ते फाटक अजून तसंच करकरतं. अधीक्षिका तृप्तीताईंनी तेजूसाठी बालसंगोपनाची मदत मंजूर करून आणली, मला नर्सिंगला घातलं, सगळं आठवतं. पण फार आठवतं ते बारसं. पाळण्याला तुमची जुनी साडी, घुगऱ्यांचा वास. नाव ठेवायला आत्या कुठून आणायची म्हणून मी रडत बसले, तर तुम्ही पिठाचे हात पदराला पुसत स्वयंपाकघरातून आलात.

"बाप नसंल तर नसंल. आत्या हाय," म्हणालात आणि पोरीच्या कानात कुर्र केलंत. मग रिवाजाप्रमाणे आम्ही साऱ्याजणींनी तुमच्या पाठीत असे बुक्के घातले, की दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना आमचा उद्धार चालला होता.

आत्या म्हणजे तुझी नणंद, आता मला वन्सं म्हण, असंही तुम्ही म्हणाला होतात. मला जमलं नाही. नवराच नाही तर नणंद कुठली, असं वाटायचं. मी लंकाबाईच म्हणत राहिले.

आणि आता तुम्ही निरोप धाडता, आधारगृहातली स्वयंपाकीण मांडवात दिसली तर पोरीच्या सासरी बोभाटा होईल, म्हणून येत नाही. मला फार राग आला. तेजूनं बैठकीतच सासरच्यांना सगळं सांगितलंय. सासूबाईंनी तिला एवढंच विचारलं, त्या आत्या कधी भेटतील?

भाऊ कामात नाही, लंकाबाई. त्यानं पत्रिका परत पाठवली. बोहल्यावर नवरीच्या मागे मामा उभा राहतो, तो येणार नाही. मी रडले. तेजू म्हणाली, "आई, मामा नसू दे. माझ्या मागे आत्या उभी राहील."

आदल्या दिवशी नांदगावला गाडी पाठवते. गुडघा दुखला तर खुर्ची ठेवू, पण जागा तुमचीच.

इतकी वर्षं तोंडातून निघालं नाही, ते लिहिते. वन्सं, या.

तुमची भावजय,
शोभा