फिरतीवरच्या गोळ्या

प्रिय दादा,

तुझा निरोप मिळाला. निरोप कसला, हुकूमच! दोन नळ्यांचे नंबर, एक तुझ्या रक्ताची, एक वहिनीच्या. खाली सूचना, की दोन्हींतले विषाणू ताडून पाहा आणि हे दुखणं तिच्याकडूनच तुझ्याकडे आलं असा कागद पाठव, म्हणजे बैठकीत वडीलधाऱ्यांपुढे ठेवता येईल. वर 'एवढं तरी कर घरासाठी' आहेच. प्रयोगशाळेत माझी उमर गेली, पण माझ्या कामाला घरात कुणी इतका मान दिला नव्हता. माझ्याच लग्नात तू पाहुण्यांना माझी ओळख 'ही रक्तबिक्त तपासते' अशी करून दिली होतीस, तीही नाक मुरडून.

न्यायनिवाड्याची तुझी हौस जुनीच. लहानपणी कपाटाची काच फुटली तेव्हा तू खुर्चीवर बसून कोर्ट भरवलंस, मला आरोपी केलंस, आईला साक्षीला बोलावलंस आणि शिक्षाही ठोठावलीस. संध्याकाळी मी तुझ्या चपलेच्या तळाला रुतलेला काचेचा तुकडा शोधून काढला, तर तू म्हणालास, माझी चप्पल कुणीतरी घातली असेल. आई हसली आणि विषय संपला. मी मात्र तेव्हापासून तुझ्यासाठी चोंबडी झाले.

आताचा खटलाही त्याच थाटाचा. वहिनीला दिवस गेले, म्हणून तिचं रक्त तपासलं, त्यात एचआयव्ही सापडला. मग तुझं तपासलं, तुझ्यातही सापडला. तिच्यात आधी सापडला म्हणून तिला आधी झाला, हा तुझा हिशेब! ती माहेरी गेली असं तू सांगतोस. पाठवलीस असं म्हण. आई फोनवर रडते आणि मधेच म्हणते, अगं, माझा मुलगा साधी डोकेदुखीची गोळी घेत नाही, त्याला असलं काही होईलच कसं. आईच्या तर्काबद्दल मी बोलत नाही. ती गोळी मात्र लक्षात ठेव.

आधी तुझ्या मागणीचं उत्तर. वहिनीच्या नळीला मी हात लावलेला नाही. तिने मला सांगितलेलं नाही, आणि तिच्या वतीने सांगायला तू कोण? ताडून पाहिलं असतं तरी दोन्ही विषाणू एका कुळातले, एवढंच कळलं असतं. कुणी कुणाला दिला, मध्ये तिसरं कुणी होतं का, हे छातीठोक सांगणारा कागद आमच्याकडे निघत नाही. आमच्या प्रमुख बाई अशांना एकच उत्तर देतात, ही प्रयोगशाळा आहे, पोलीस चौकी नव्हे. तुझ्या नळीतल्या विषाणूची जनुकं मात्र मी वाचली. तूच तर सांगितलं होतंस.

हा विषाणू म्हणजे, खरं सांगू, अगदी सुमार जीव. मूठभर जनुकं, स्वतःचं घर नाही, दुसऱ्याच्या पेशीत घुसायचं आणि तिथे फुकटात आपल्या नकला काढायच्या. त्याही धड नाहीत, जवळजवळ दर नकलेत कुठे ना कुठे चूक. लोक त्याला धूर्त म्हणतात. कसला धूर्त? औषधं रोजच्या रोज घेतली तर नकलाच निघत नाहीत, मग चुका कुठून होणार? पण आज घेतली, उद्या चुकवली, असं केलं की लाखो चुकांमधली एखादी नेमकी औषधाला दाद न देणारी निघते, आणि तीच पुढे माजते. म्हणजे त्या ढ जीवाला शिकवणी आपणच लावतो.

तुझ्या विषाणूत असा बदल आहे. डॉक्टरांना तू सांगितलंयस, आजवर एकही गोळी घेतलेली नाही. दादा, हा बदल विषाणूला महागात पडतो, त्याने तो लंगडा होतो. औषध अंगात असेल तोवरच त्याला ते परवडतं. औषध थांबलं की काही महिन्यांत तो बदल मागे पडतो. तुझ्यात तो ठळक आहे. म्हणजे अगदी अलीकडेपर्यंत तू गोळ्या घेत होतास, आणि चुकवतही होतास. गोळ्या घेतल्याच नाहीत, असा बदललेला विषाणूच हल्ली दुसऱ्या कुणाकडून आला असं म्हणायचं असेल, तर तेही बैठकीत सांग. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग मला आठवलं. फिरतीवर असलास की तू माझ्याकडे उतरायचास. सकाळी दाढीच्या पाकिटातून बिनलेबलाची डबी काढून एक गोळी घ्यायचास, पित्ताची म्हणून. घरी मात्र डोकेदुखीचीही नाही, आईची साक्ष आहे. फिरतीवर औषध आणि घरी अब्रू! तू पंप विकणारा माणूस. मोटार सारखी चालू-बंद केली की जळते, हे गिऱ्हाइकाला घसा फोडून सांगतोस. त्यातली चिमूटभर अक्कल घरी ठेवली असतीस तर?

आजाराची लाज वाटावी असं त्यात काही नाही. तो तुला कसा झाला, हेही मी विचारत नाही. मला किळस आली ती तुझी. तुला माहीत होतं आणि तिला कळू दिलं नाहीस, वर तिलाच आरोपी करून खुर्चीवर बसलास. तेव्हा काच होती. आता एक बाई आहे आणि तिच्या पोटात तुझं मूल आहे.

तुला शिव्या घालायला मी एवढं लिहिलं नसतं, त्यासाठी फोन पुरला असता. सोमवारी वहिनीची औषधं ठरणार आहेत. तिच्यातला विषाणू तुझ्याकडून गेला असेल, तर तो बदलही तिच्यात गेला असेल. पण तिने कधी औषध घेतलेलं नाही, त्यामुळे तो मागे पडून लपला असेल. आमच्या तपासणीत तो दिसणार नाही. तिचा अहवाल स्वच्छ येईल, डॉक्टर नेहमीच्या गोळ्या देतील, लपलेला बदल पुन्हा डोकं वर काढेल, गोळ्या अपुऱ्या पडतील, आणि त्याची किंमत बाळाला मोजावी लागेल. इथे माझी सगळी यंत्रं हात टेकतात. तू कोणत्या गोळ्या घेतल्यास आणि किती चुकवल्यास, हे फक्त तुला माहीत आहे. जा आणि वहिनीच्या डॉक्टरांना सांग. मला ते सांगायची परवानगी नाही, तुझी तपासणी हे तुझं गुपित. पण सोमवारपर्यंत तू गेला नाहीस तर मी जाईन. राजीनामा लिहून ठेवलाय, तो द्यायचा की फाडायचा हे तूच ठरव. बैठक भरवायचीच असेल तर वहिनीला मानाने बोलाव, आणि या वेळी उभा राहून बोल. असला का असेना, मला भाऊ एकच आहे. तेव्हा डॉक्टर नव्या गोळ्या देतील त्या रोज घे. डबी दाढीच्या पाकिटात नको, स्वयंपाकघरात ठेव, आईला दिसेल अशी.

तुझीच,
चोंबडी