वैऱ्याच्या डोळ्यांनी तपासलेलं मुखपृष्ठ

तीर्थरूप आत्या,

वाकून नमस्कार. (खरोखरच वाकले आहे, माझी खुर्ची तुझ्या लेकीला दिली आहे, मी स्टुलावर बसते.) तुझे गुडघे कसे आहेत? मलम संपलं असेल तर कळव. आम्ही सारे ठीक. तुझी लेक तर फारच ठीक.

तू विचारलंस, मामाकडे छपाईच्या फाइली बनवायचं काम शिकतेय ना? खोटं लिहायचं नाही हे तूच मला शिकवलंस, म्हणून लिहिते: शिकत नाही, तिला येतंच. मला बाबांनी अकरा वर्षं शेजारी बसवून शिकवलं, की छापायला जाणारी फाइल तीनदा बघायची. एकदा आपल्या डोळ्यांनी, एकदा छापणाऱ्याच्या आणि एकदा वैऱ्याच्या. कागद कापताना सुरी जराशी सरकतेच, म्हणून चित्र कापायच्या रेषेबाहेर तीन मिलिमीटर वाढवायचं आणि अक्षरं तितकीच आत ठेवायची. हे माझ्या अंगवळणी पडायला दोन वर्षं लागली (आणि एका डॉक्टरांच्या कार्डावरची पदवी कापली गेली). तुझ्या लेकीने चहा निवायच्या आत शिकून घेतलं. तेव्हापासून बाबा येताजाता म्हणतात, "नजर बघा पोरीची, नजर!" माझी नजर काय भाड्याने आणलेली आहे?

गेल्या आठवड्यात वाचनालयाची स्मरणिका आली. आतली शहाण्णव पानं माझ्याकडे, मुखपृष्ठ तिच्याकडे. तिची फाइल तपासायची मी. पहिल्या दोन प्रकारच्या डोळ्यांचं मी पटकन उरकलं आणि वैऱ्याच्या डोळ्यांनी सव्वादोन तास बघितली. (इतकं मन लावून मी कधीच काम केलं नव्हतं.) फोटो स्वच्छ, रंग छपाईचे, कडा वाढवलेल्या, फॉन्ट फाइलीतच बांधून दिलेले. एक खोट सापडेना! शेवटी जिवाला बरं वाटावं म्हणून त्याच फाइलीवर एक वेगळा थर उघडून (चित्रावर पारदर्शक कागद ठेवावा तसा, हवा तेव्हा झाकता येतो) मी तांबड्या अक्षरांत शेरे लिहिले. 'निळा जरा जास्तच निळा आहे.' 'नाव केसभर डावीकडे वाटतं. (की माझीच मान वाकडी?)' 'यात एवढं डोक्यावर घेण्यासारखं काय आहे?' थर झाकून ठेवणारच होते, तेवढ्यात बाबांनी "पाठव गं फाइल!" म्हणून हाक मारली. मी दचकून पाठवली. शेऱ्यांसकट.

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून पाकिटात नमुन्याची प्रत आली, शेऱ्यांसकट छापलेली. तुझ्या लेकीने ती पाहिली, घडी घालून माझ्या खणात सारली, थर काढून नवी फाइल धाडली आणि म्हणाली, "मामा, माझ्याकडून चुकीची फाइल गेली होती." बाबा तिला वाट्टेल ते बोलले. ती शांतपणे उभी. आत्या, बोलणी खाण्यातसुद्धा ती माझ्यापेक्षा सरस आहे! (मी असते तर पहिल्याच वाक्याला नाक लाल.) आणि संध्याकाळी बाबांनी छपाईचे ठिपके बघायचं आपलं पितळी भिंग, जे मला मिळेल म्हणून मी अकरा वर्षं पुसत आले, ते उचलून तिच्या हातात ठेवलं.

तेव्हापासून भिंग पुसायचं फडकं माझ्याकडे रिकामंच पडून आहे. तिला तर घराची ओढ लागलेली दिसते. तू आई आहेस, समजून घे.

तुझी भाची

ता. क. मुख्य काम राहिलंच. चूक माझी होती हे बाबांना तू फोनवर सांगशील का? तुझ्यावर ते ओरडत नाहीत.

ता. क. दुसरा. सांगू नकोस. राहवलं नाही, मीच सांगून टाकलं. बाबा म्हणाले, "ठाऊक आहे. पाकीट आधी मीच उघडलं होतं. मनातली मळमळसुद्धा कापायच्या रेषेच्या आत, तीन मिलिमीटर सोडून लिहिणारी या घरात एकच आहे." मी विचारलं, मग तिला एवढं का बोललात? "भाचीला बोललो, लेकीला लागावं म्हणून. तिने निमूट ऐकलं, त्याचं भिंग."

ता. क. तिसरा. तरी तिला बोलावून घेच. येताना भिंग इथे ठेवून ये म्हणावं.