रेकॉर्डिंगमधली सागाची पानं

रविवार, संध्याकाळी सात

बोर व्याघ्र प्रकल्पालगतच्या टेकडीवरून उतरून घरी पोचलो. पक्ष्यांची यादी झकास झाली, तरी जिवाला चैन नाही.

दुपारी वर हळद्या पक्ष्याची शीळ ऐकू आली म्हणून मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. आवाज नको म्हणून वाटाड्या मारोतीभाऊंना हलूही दिलं नाही. दोघंही दगडासारखे उभे. थोड्या वेळानं तेच हळूच म्हणाले, "चाला सर. आता थांबू नका."

"काऊन?" मी चिडलोच. ते उताराला लागलेही.

आता हेडफोन लावून तेच ऐकतोय. शिळेच्या मागे सागाची वाळलेली पानं वाजतात. एक जड पाऊल, शांतता, पुन्हा एक. पण आम्ही तर हललोच नव्हतो! मी वर पाहत होतो. पक्षी पाहणारा वरच पाहतो. भाऊ खाली पाहत होते, हे मला आत्ता आठवावं?

गाडीपाशी आल्यावर कळलं, दुर्बीण वरच राहिली. मी म्हटलं, महागाची आहे, दव पडेल. भाऊ टेकडीकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "तुम्ही निघा सर. आणून ठेवतो." आणि मी निघालो. खरंच निघालो.

पुन्हा ऐकलं. पानंच आहेत.

हिंगणीला भाऊंच्या घरी फोन लावला. वहिनी म्हणाल्या, "ते अजून आले नाई. तुमच्यासंगच हायत ना, सर?"

मी हो म्हणालो.