दोरीपलीकडची खोली

ता. ९, सोमवार दुपार

ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार. आम्ही दोघी खुशाल आहोत. अक्षर वेडंवाकडं आलंय, छकुली मांडीवर आहे. तिला दोन दात आलेत. तिच्यासाठी दोन चड्ड्या शिवून पाठव, घोट्यापर्यंत येतील अशा. उकाडा आहे, तरी लांबच पाठव.

खोली गेली नाही. हे वारले तेव्हा मला वाटलं, पहारेकऱ्याची खोली पहारेकऱ्याबरोबर गेली. पण म्युझियमचे नवे साहेब भले निघाले. आयुष्यभर बँकेत होते, आता उतारवयात या जुन्या वस्तूंचा कारभार बघतात. म्हणाले, "तू राहा. लोक बघायला येतील तेव्हा फक्त आत बसायचं. जुनी खोली, जुन्या काळची बाई."

मग पंखा काढला, प्लास्टिकची बादली काढली, मला जाडेभरडे कपडे दिले. दाराला दोरी बांधली. पाटीवर लिहिलंय, इथे पूर्वी नोकर राहत. पूर्वी! मी आत जिवंत बसलेय की. एका मुलीनं विचारलं, "आई, ही खरी आहे?" आई म्हणाली, "असू दे, हात नको लावू." मला हसूच आलं गं.

साहेबांची बँकेतली खोड गेली नाही. तिथं म्हणे खिडकीपाशी माणूस किती वेळ उभा राहतो ते मोजायचे. इथं घड्याळ घेऊन बघतात, लोक कुठल्या खोलीपाशी किती थांबतात. माझ्यापाशी कोणी थांबेना. म्हणाले, "असंच राहिलं तर इथं जुने पलंग मांडू." पोरीला घेऊन जाऊ कुठं?

मग एक दिवस छकुली रडली. लोक पाच मिनिटं हलले नाहीत. फोटो काढले. साहेब खूश. "रडू दे गं. छान रडते."

पण पोर रोज वेळेवर कशी रडेल, ताई?

चड्ड्या कशाला ते कळलं असेल तुला. मांडीलाच घेते चिमटा, तोंडाला नाही. परवा साहेबांनी पाहिलं. वाटलं, आता ओरडतील. ते घड्याळात बघतच म्हणाले, "लांब कपडे घाल तिला. डाग फोटोत दिसतात."

आता चिमटा लागतही नाही. लोक आत सोडताना घंटा वाजते. घंटा वाजली की ती माझ्या हाताकडे बघते आणि रडायला लागते.

मला माझीच भीती वाटते गं. तिला घेऊन जा. पोर गेली की खोली गेली, हे मला ठाऊक आहे. म्हणून तू आलीस की मी नाही म्हणेन, तुला नाही नाही ते बोलेन. ऐकू नकोस. मी देईन म्हणून थांबू नकोस, हिसकावून घे.

चड्ड्या शिवत बसू नकोस. तशीच नीघ.

तुझी धाकटी